कुदळ, लेखणी आणि चिमण्या : अहमदनगरच्या किल्ल्यातील दोन पुस्तके

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्ती अंगी बाणवणे हे त्यांपैकी एक. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही कर्तव्ये संविधानात आली. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत क्रमाने लिहितात आणि पुरे गुण मिळवतात. न पडताळता काहीही स्वीकारू नये, हे तत्त्वही न पडताळता स्वीकारले जाते! यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. वृत्तीचे वर्णन हातात ठेवले की तिचे पाठांतरच होणार.

वैज्ञानिक दृष्टिकोन ही कल्पना आपल्या सार्वजनिक भाषेत रुजली ती मुख्यतः पंडित नेहरूंच्या 'भारताचा शोध' या ग्रंथामुळे, आणि हा ग्रंथ लिहिला गेला अहमदनगरच्या किल्ल्यात. शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, किल्ला मात्र जुन्याच नावाने ओळखला जातो. त्याच इमारतीत, साधारण त्याच काळात, आणखी एक पुस्तक तयार होत होते : मौलाना अबुल कलाम आझाद यांचे उर्दूतील 'गुबार-ए-खातिर'. पहिल्या पुस्तकाचा उल्लेख विज्ञानशिक्षणाच्या चर्चेत वारंवार होतो. दुसरे केवळ साहित्य म्हणून वाचले जाते. आम्ही येथे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, वर्गात शिकवणाऱ्याच्या नजरेने वाचणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पहिल्या पुस्तकाने या वृत्तीला नाव दिले, तर दुसऱ्यात ती वृत्ती, नाव न घेता, काम करताना दिसते. शिक्षकाला अधिक उपयोग दुसऱ्याचा आहे, आणि त्याच्या उणिवांचाही आहे.

बारा कैदी, बारा विद्यार्थी

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली. त्यांपैकी नेहरू, आझाद, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, शंकरराव देव आणि हरेकृष्ण महताब हे बारा जण अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. सुटका कधी होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. नेहरूंचा येथील मुक्काम २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ झाला.

या मंडळींनी त्या काळात काय केले? नरेंद्र देव बौद्ध दर्शनातील 'अभिधर्मकोशा'वर काम करीत होते. महताबांनी ओरिसाचा इतिहास लिहिला. रसायनशास्त्राचे डॉक्टर असलेले घोष प्राचीन भारतीय संस्कृतीच्या इतिहासाकडे वळले. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने भरली. आपले अकरा सोबती म्हणजे भारतीय विद्वत्तेचा एक छेदच होता, देशातील बहुतेक मुख्य भाषा आणि संस्कृत, पाली, अरबी, फारसी या अभिजात भाषा जाणणारी माणसे एकाच आवारात होती, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण तर त्यांनी नावानिशी मानले आहे.

'आजीवन शिक्षण' हा शब्द आज धोरणपत्रिकांत सहज येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तो आहे. त्याचा अर्थ बहुधा प्रौढांसाठीचे अभ्यासक्रम, प्रशिक्षणवर्ग आणि प्रमाणपत्रे असा घेतला जातो. किल्ल्यातील उदाहरण वेगळे आहे. येथे पन्नाशीच्या आसपासची आणि त्यापुढची माणसे एकमेकांना विचारून शिकत होती. पालीतील एखादी संकल्पना अडली की नरेंद्र देवांना विचारायचे, फारसी इतिहासकाराविषयी शंका आली की मौलानांकडे जायचे. ज्याला जे येते त्याच्याकडे ते विचारण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

अर्थात या चित्राचे उदात्तीकरण करू नये. हे राजकीय कैदी होते. त्यांना पुस्तके मिळत, वेळ तर सक्तीनेच मिळालेला होता, आणि रोजच्या भाकरीची चिंता नव्हती. त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मरत होती. नेहरूंनी पहिल्याच प्रकरणात त्याबद्दल लिहिले आहे. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, रोजची माहितीपत्रके, यांत बुडालेल्या शिक्षकाला 'तुम्हीही आयुष्यभर शिकत राहा' असे सांगणे सोपे आहे. मोकळा वेळ ही शिकण्याची पहिली सामग्री आहे, आणि नेमकी तीच शिक्षकाला कोणी पुरवत नाही. आजीवन शिक्षणाची भाषा करणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यायला हवे.

टाकलेली कुदळ

'भारताचा शोध'चे पहिले प्रकरण 'अहमदनगरचा किल्ला' हेच आहे. नेहरूंनी आवारात बाग करायला घेतली. जमीन खडकाळ, जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. खणता खणता गाडल्या गेलेल्या भिंती आणि घुमटांचे माथे लागू लागले. एकदा भिंतीवर दगडात कोरलेले सुंदर कमळ सापडले. खोल खणायला परवानगी नव्हती, साधनेही नव्हती. तेव्हा कुदळ बाजूला ठेवून आपण लेखणी हाती घेतली, असे नेहरू सांगतात.

ही कलाटणी लेखक म्हणून सुंदर आहे. पण आमच्या मते पुस्तकाची मर्यादाही येथेच सुरू होते. नेहरू विज्ञानाचे विद्यार्थी होते. रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी केंब्रिजची पदवी मिळवली होती. तरी सापडलेल्या कमळापाशी पुस्तक थांबत नाही. हे कमळ कोणत्या काळातले? दगड इथलाच की बाहेरून आणलेला? निजामशाही किल्ल्यात ते कसे आले? हे प्रश्न मनात आले असतीलही, पण त्यांचा पाठलाग पानावर होत नाही. कुदळीने जे हळूहळू, शंका घेत उलगडले असते ते लेखणी झपाट्याने ओलांडते आणि आपण सिंधू संस्कृतीपाशी पोहोचतो.

प्राचीन भारतातील गणितावरचा भाग याच पद्धतीचा आहे. शून्य आणि स्थानमूल्य यांचे महत्त्व तेथे मनापासून सांगितले आहे. पण वाचकाला पाटी-पेन्सिल हाती घ्यावी लागत नाही. रोमन अंकांत सत्तेचाळीस गुणिले छत्तीस करून पाहा, असे एखाद्या शिक्षकाने वर्गाला सांगितले की पाच मिनिटांत स्थानमूल्याची थोरवी जितकी पटते, तितकी ती गौरवाच्या चार पानांनी पटत नाही.

मग दहाव्या प्रकरणात, धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांविषयीच्या विवेचनात, तो प्रसिद्ध भाग येतो. तपासल्याशिवाय काही न स्वीकारणे, नवा पुरावा आला तर आधीचा निष्कर्ष बदलण्याची तयारी, आधी ठरवलेल्या सिद्धांतापेक्षा पाहिलेल्या वस्तुस्थितीवर भर, मनाची कठोर शिस्त, हे सारे नेहरूंनी नेमके मांडले आहे. विज्ञानाच्या नावाने शपथा घेणारे अनेक वैज्ञानिक आपल्या क्षेत्राबाहेर पडताच ही शिस्त विसरतात, हेही त्यांनी स्पष्टपणे म्हटले आहे. संशोधनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे विधान आजही टोचते, कारण ते खरे आहे.

या मांडणीत चुकीचे काही नाही. पण ते वृत्तीचे लक्षण आहे, वृत्ती कशी घडते याचा मार्ग त्यात नाही. लक्षण पाठ करता येते. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेल्या कर्तव्याचे पुढे जे झाले त्याचे बीज आम्हाला येथे दिसते.

मौलानांच्या चिमण्या

'गुबार-ए-खातिर' हा पत्रांचा संग्रह आहे. आझादांनी ती हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला उद्देशून लिहिली, पण पाठवण्याची सोय नसल्याने ती तेव्हा पोस्टात पडलीच नाहीत. १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. चहा, संगीत, इतिहास, ईश्वर अशा अनेक विषयांवर ही पत्रे आहेत. त्यांत एक प्रदीर्घ कथा आहे ती किल्ल्यातील खोलीत घरटी करणाऱ्या चिमणा-चिमण्यांची. १९४३ च्या मार्चमधील हे लेखन. पुढच्याच महिन्यात पत्नीच्या निधनाची बातमी त्यांना याच किल्ल्यात मिळाली.

कथेची सुरुवात युद्धाने होते. छतात चिमण्यांची घरटी, खोलीभर काड्या आणि कचरा. मौलाना त्यांना हाकलू पाहतात, चिमण्या परत येतात. हा सारा प्रकार त्यांनी मोठ्या लढाईच्या थाटात, स्वतःची थट्टा करीत लिहिला आहे. अखेर ते हार पत्करतात आणि तह करायचे ठरवतात. तांदळाचे दाणे पसरून ठेवायचे आणि स्वतः निश्चल बसायचे. पहिल्यांदा चिमण्या लांबून पाहतात. मग एखादी धीट चिमणी पुढे येते. दाण्यांची जागा टप्प्याटप्प्याने जवळ आणली जाते. शेवटी त्या बसलेल्या माणसाला अजिबात न बिचकता जवळ येऊन दाणे टिपू लागतात. दरम्यान मौलानांना एकेक चिमणी वेगळी ओळखू येऊ लागते, आणि स्वभावानुसार तिला नावही मिळते.

आता हीच गोष्ट विज्ञानाच्या भाषेत सांगू. निरीक्षकाने एक गृहीत धरले : पाखरे माणसाला भितात. ते तपासण्यासाठी त्याने एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे अंतर. बाकी सारे, दाणे, जागा, स्वतःची बैठक, शक्य तितके स्थिर ठेवले. घाई केली नाही. निकाल आला तो असा की भीती कायमची नसते, निरुपद्रवी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती ओसरते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक याला सरावणे म्हणतात. रानात माकडांचा किंवा पक्ष्यांचा अभ्यास करणारे संशोधक कामाचे पहिले कित्येक दिवस असेच काढतात. त्याहून महत्त्वाचे हे की निरीक्षकाचे स्वतःचे मत बदलले. ज्यांना त्याने शत्रू मानले त्यांचा तो अभ्यासक झाला. नेहरूंनी जी 'निष्कर्ष बदलण्याची तयारी' सांगितली ती येथे पानावर घडताना दिसते.

हे लिहिणारा माणूस कधी शाळेत गेला नव्हता, हेही येथे सांगायला हवे. आझादांचे शिक्षण घरीच, पारंपरिक पद्धतीने झाले. प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध आला नाही. पुढे १९४७ पासून १९५८ पर्यंत ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री होते. सर्जनशीलतेसाठी साहित्याची पेटी लागते असे मानणाऱ्या आपल्या व्यवस्थेने मूठभर तांदळाच्या या प्रयोगाकडे लक्ष द्यावे.

पिल्लाला उडायला कोण शिकवते?

पण समीक्षा म्हटली की येथेही थांबून चालणार नाही. घरट्यातले एक पिल्लू उडायला तयार नसते. ते मलूल पडून राहते, मोठ्या चिमणीच्या धडपडीला प्रतिसाद देत नाही, आणि मग एका क्षणी एकाएकी झेप घेते. मौलाना हा प्रसंग विलक्षण उत्कटतेने रंगवतात आणि लगेच त्यातून तात्पर्य काढतात : पिल्लाला आपल्या अंगच्या शक्तीची ओळख पटली, माणसाचेही तसेच आहे.

साहित्य म्हणून हे हृद्य आहे, पण निरीक्षण येथे संपले आणि प्रवचन सुरू झाले. एका पिल्लावरून काढलेला हा निष्कर्ष आहे. शिवाय त्याच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीत आहे, की पक्ष्याची आई पिल्लाला उडायला 'शिकवते'. आपल्यापैकी बहुतेकांचा समज असाच असतो.

इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात डग्लस स्पाल्डिंग या संशोधकाने तो तपासून पाहिला. पंख पसरता येणार नाहीत अशा लहान पेट्यांत त्याने पाकोळ्यांची पिल्ले वाढवली आणि पंखांची वाढ पुरी झाल्यावर सोडली. सरावाची संधी न मिळताही पिल्ले उडाली. म्हणजे उड्डाणाचा मोठा भाग पक्व होण्याचा आहे. स्नायू आणि चेतासंस्था तयार झाली की तो येतो, आणि सफाई पुढे सरावाने येते. याच्या उलट, १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्ले प्रौढ पक्ष्यांचे गाणे ऐकू न देता वाढवली, तेव्हा त्यांचे गाणे ओबडधोबडच राहिले. गाणे ऐकून शिकावे लागते. उडणे आणि गाणे, दोन्ही पक्ष्यांचेच, पण दोन्हींचा शिकण्याशी संबंध निराळा.

यावरून आम्हीही शिक्षणाविषयी घाईने तात्पर्य काढू शकलो असतो. ते काढत नाही. मौलानांच्या लेखनाची ही उणीव शिक्षकाला फार मोलाची आहे, एवढेच म्हणतो, कारण तिच्यातून वर्गासाठी खरा प्रश्न मिळतो. उतारा मराठीत सांगावा आणि विचारावे : चिमणी पिल्लाला शिकवते, की पिल्लू आपोआप तयार होते? हे कसे ठरवाल? पिल्लाला पकडायचे नाही, घरट्याला हात लावायचा नाही, ही अट घालावी.

आपल्या अनेक शाळांच्या पत्र्याखाली, वळचणीला चिमण्या असतात. चिमण्याच्या गळ्यावर काळा ठिपका असतो, चिमणीच्या नसतो, त्यामुळे दोघांच्या खेपा वेगळ्या मोजता येतात. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे मोजणी करावी. पिल्लांचा पहिला आवाज कोणत्या तारखेला आला, ती कोणत्या तारखेला बाहेर पडली, शेवटच्या दोन दिवसांत खेपा वाढल्या की घटल्या, हे लिहून ठेवावे. चिमणीची पिल्ले साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडतात, तेव्हा हे काम एका घटक चाचणीच्या अवधीत बसते. दोन घरटी असतील तर दोन गट करावेत. त्यांचे आकडे जुळले नाहीत की खरी चर्चा सुरू होते. 'आई आवाज देऊन बोलावते' आणि 'आई शिकवते' ही दोन विधाने वेगळी आहेत, हे एखाद्या सातवीतील मुलीच्या लक्षात आले, तर सर्जनशीलता म्हणजे काय हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.

किल्ल्याबाहेरचा एक पुरावा

हे सारे विद्वानांच्या किंवा शाळेच्या आवारापुरते आहे काय? पुरावा पाहून मत बदलण्याची शिस्त साध्या व्यवहारात, पोटाच्या प्रश्नावर टिकते का? याचे उत्तर शोधायला किल्ल्यापासून फार लांब जावे लागत नाही. याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि पाणलोटाची कामे सुरू झाली, हा भाग सर्वपरिचित आहे. आम्हाला शिक्षक म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींची पातळी काय, हे मोजायचे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी राखून ठेवायचे. उरले त्यावर रब्बीत काय घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, शेतीला कूपनलिका खोदायची नाही, हे गावाने ठरवून पाळले.

येथे शेतकरी दरवर्षी आपला निष्कर्ष आकड्यांपुढे बदलतो. गेल्या वर्षी गहू घेतला होता म्हणून याही वर्षी घेईन, असे त्याला म्हणता येत नाही. हे तो कोणत्याही अभ्यासक्रमाविना वर्षानुवर्षे करीत आहे. आकडे त्याच्या गावचे आहेत, मोजणी त्याच्या डोळ्यांदेखत झालेली आहे आणि चुकीचा फटका त्यालाच बसणार आहे, म्हणून त्याचा त्यांवर विश्वास बसतो. शाळेतील विज्ञानाचे आकडे बहुधा दुसऱ्याच कोणाचे असतात, आणि ते चुकले तरी गुणांपलीकडे काही बिघडत नाही. फरक येथे आहे.

प्रत्येक शाळेला गावाचा ताळेबंद मांडता येणार नाही, पण छपराचा मांडता येईल. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी मिळते. सरळ उभ्या कडांचा डबा आणि पट्टी एवढे साहित्य पुरे. जून ते सप्टेंबर नोंद ठेवावी, आणि शाळेला वर्षभर लागणाऱ्या पाण्याशी ती ताडून पाहावी.

शिक्षकांच्या खोलीत

दोन्ही पुस्तकांकडे पुन्हा पाहता आमचा अभिप्राय असा. 'भारताचा शोध' वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या व्याख्येसाठी वाचावा, आणि व्याख्या वर्गाच्या शेवटी सांगावी, सुरुवातीला नव्हे. 'गुबार-ए-खातिर'मधील चिमण्यांची कथा सुरुवातीला वाचावी, मौलाना तात्पर्य काढू लागतात तेथे थांबावे आणि मुलांना पुढचा प्रश्न विचारू द्यावा.

किल्ल्यातल्या बारा जणांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक शाळेत भाषा, इतिहास, गणित, विज्ञान शिकवणारी माणसे एकाच खोलीत बसतात. चिमण्यांच्या पत्रातील उर्दू-फारसी शब्दांसाठी हिंदीच्या शिक्षकांकडे जावे, किल्ल्यातील कोरीव कमळासाठी इतिहासाच्या बाईंकडे, आणि गणिताच्या सरांना खेपांचा आलेख काढून मागावा. आठवड्यातून अर्धा तास, एकाने दुसऱ्याला आपल्याला न येणारे काही विचारावे. विद्यार्थ्यांनी हे ऐकले तर फारच उत्तम. आपले शिक्षक अजून शिकत आहेत, हे त्यांना इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते.